डमरूएवढी फट: विजापूर-बीदरची नक्षी आणि माझी फसलेली चांदणी

कंपासपेटी | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, सोलापूरला एका लग्नाला गेलो होतो. लग्न आटोपलं, परतीची गाडी दुसऱ्या दिवशी रात्रीची. मधला दिवस रिकामा, म्हणून शंभरेक किलोमीटरवरचं विजापूर गाठलं. गोलघुमटात सगळे ओरडतात तसा मीही ओरडून आलो. पण घरी येताना डोक्यात बसला तो इब्राहिम रौजा.

एकाच जोत्यावर समोरासमोर कबर आणि मशीद. इब्राहिम आदिलशहा दुसरा १६२७ साली गेला, तो इथे आहे. कबरीच्या बाहेरच्या भिंती लांबून पाहिल्या तर छापील कापड ताणून बसवल्यासारख्या दिसतात. जवळ गेल्यावर कळतं की हे सगळं दगडात कोरलंय, आणि तेही इतकं उथळ की बोट फिरवलं तरच चढउतार जाणवतो. चौकटीत चौकट, चौकटीत अक्षरं, अक्षरांत वेल. खिडक्यांना तर गजच नाहीत. अरबी अक्षरांची जाळी आहे. अक्षर दगडाचं, अक्षरामधली जागा मोकळी, आणि उजेड आत येतो तो त्या मोकळ्या जागेतून. मी तिथे अर्धा तास उभा होतो. चौकीदाराने दोनदा विचारलं, काही हरवलंय का म्हणून.

घरी आल्यावर लेकाची कंपासपेटी घेतली आणि बसलो. आठ टोकांची चांदणी सोपी निघाली. एक चौकोन काढायचा, त्यावर दुसरा पंचेचाळीस अंशांत फिरवून ठेवायचा, झाली. असल्या चांदण्या रांगेत मांडल्या, मधे फुलीचा आकार आपोआप उमटला. हुरूप आला. मग इराणच्या एका फोटोवरून दहा टोकांची चांदणी घेतली. एक काढली, छान आली. शेजारी दुसरी, खाली तिसरी, चौथी. चौघींच्या मधे जी जागा उरली ती वेडीवाकडी. दोन बाजू जुळल्या तर दोन जुळेनात. तीन संध्याकाळी गेल्या आणि अर्धी वही.

तर प्रश्न असा, की हे लोक हे काढत कसे होते? आणि शाळेत ऐकलेलं एक वाक्य खरं का, की इस्लाममध्ये चित्रांना बंदी म्हणून बिचाऱ्यांनी नक्षीवर समाधान मानलं? रौजापुढे उभं राहून तरी ‘समाधान मानलं’ असं काही वाटलं नाही.


आजीची_रांगोळी | रविवार, रात्री १०:१५

वर्णन आवडलं. चौकीदार तर फारच!

मी ठिपक्यांची रांगोळी काढते, त्यामुळे तुमची अडचण लगेच कळली. सरळ ठिपके मांडले की चार आणि आठ पाकळ्यांचं काहीही बसतं. आडव्या ओळी अर्ध्या घराने सरकवल्या, म्हणजे एकोणीस ते दहा वगैरे, की सहा आणि बारा पाकळ्यांचं बसतं. पाच पाकळ्यांचं फूल मात्र ठिपक्यांत धड कधीच येत नाही. मधे एकटं काढता येतं, पण ते पसरत नाही. आमची आजी म्हणायची, पाचाचं फूल पाटावर काढावं, अंगणात नाही. कारण तिला माहीत नव्हतं आणि मलाही नाही. दहा म्हणजे पाचाचीच बहीण. तुम्ही चांदण्या चौकोनी मांडणीत ठेवल्या असणार.


वर्तुळवेडा | सोमवार, सकाळी ७:०५

ताई, तुमच्या आजींना दंडवत. त्यांनी जे सांगितलं ते गणितात सिद्ध झालेलं आहे. एखादी आकृती सगळीकडे सारखी पसरत असेल, तर ती पूर्ण आकृती एका बिंदूभोवती फिरवून पुन्हा स्वतःवरच बसण्याचे प्रकार फक्त दोन, तीन, चार आणि सहा. पाच नाही, दहा नाही. म्हणून दहा टोकांची चांदणी ठेवता येते, पण तिच्या भोवतीची मांडणी दहापदरी असू शकत नाही. मांडणी दुसऱ्या कुठल्यातरी जाळ्यावर न्यावी लागते. गोम तिथेच आहे.

कंपासपेटी, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शास्त्रज्ञाने शोधलं आणि तेही आपल्याकडे. अर्नेस्ट हँकिन हा इंग्रज जंतुशास्त्रज्ञ आग्र्याला सरकारी नोकरीत होता. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात असं १८९६ साली लिहिणारा तोच. या गृहस्थाला फावल्या वेळात गिधाडं कशी तरंगतात हे बघायचा नाद होता आणि दुसरा नाद मुघल नक्षीचा. फत्तेपूर सिक्रीच्या एका लहानशा हमामात त्याला गिलाव्यावर नक्षीच्या मागे पुसट ओरखडे दिसले. नक्षीच्या रेषा रंगवलेल्या होत्या. ओरखडे बहुभुजांचे होते आणि ते नंतर दिसू नयेत अशीच अपेक्षा होती. कारागिराने आधी बहुभुज एकमेकांना खेटून मांडले, त्यांच्या बाजूंवरून नक्षीच्या रेषा काढल्या, आणि बहुभुज सोडून दिले. हँकिनने ही रीत लिहून काढली, भारतीय पुरातत्त्व खात्याने ती १९२५ साली छापली.

इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात नक्षीच्या नमुन्यांची एक गुंडाळी आहे, सुमारे साडेएकोणतीस मीटर लांब, ११४ नमुन्यांची. पंधराव्या-सोळाव्या शतकातली, इराणकडची. त्यातही शाईच्या रेषांखाली कोरड्या टोकाने ओढलेल्या बिनशाईच्या रेषा आहेत. म्हणजे हँकिनला भिंतीवर दिसलं तेच कागदावरही.

आता कृती. वही काढा.

दोन चांदण्यांच्या केंद्रांत १० सेंटिमीटर अंतर धरा. चार केंद्रं चौरसात ठेवू नका. सगळ्या बाजू १० सेंटिमीटर आणि एक कोन ७२ अंश असा समभुज चौकोन घ्या. प्रत्येक केंद्राभोवती नियमित दशकोन काढा, बाजू साधारण सव्वातीन सेंटिमीटर येईल. दशकोन एकमेकांना बाजूला बाजू लावून खेटतील आणि मधे जी जागा उरेल ती बघा. ती वेडीवाकडी नाही. तो डमरू आहे, सहाही बाजू सारख्या, दशकोनाच्या बाजूएवढ्याच.

मग दशकोनाच्या प्रत्येक बाजूचा मध्य घ्या आणि दर तिसरा मध्य जोडत जा. पेन्सिल न उचलता चांदणी पूर्ण होते. त्याच रेषा बाजू ओलांडून डमरूत शिरू द्या, समोरून येणारी रेषा भेटेपर्यंत. शेवटी दशकोन आणि डमरू खोडरबराने पुसा.


कंपासपेटी | सोमवार, सकाळी ७:५०

डमरू!!! तीन संध्याकाळ मी त्या डमरूला शिव्या घालत होतो.

ऑफिसला निघतोय, रात्री बसतो. एक शंका. एवढं गणित गवंड्याला येत होतं?


वर्तुळवेडा | सोमवार, दुपारी १:२०

गवंड्याला सिद्धता नको असते, कृती हवी असते. दहाव्या शतकात बगदादला अबुल वफा बूझजानी नावाचा मोठा गणिती होता. त्याने कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवर लिहिलं. त्यात तो म्हणतो तो मुद्दा मला फार आवडतो: कारागीर कापून जोडून काम भागवतो आणि त्याला वाटतं जमलं, पण ते थोडं चुकलेलं असतं. उलट गणिती कागदावर अचूक असतो, पण प्रत्यक्ष तुकडे कापायची वेळ आली की अडतो. दोघांना एकत्र बसवून तो रीत सांगतो.

२००७ मध्ये पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी आणखी पुढचं मांडलं, की दशकोन, पंचकोन, लांबट षट्कोन, डमरू आणि समभुज चौकोन या पाच फरश्यांनी बऱ्याच नक्षी बांधता येतात. इस्फहानच्या दर्ब-इ-इमाम दर्ग्यावरची १४५३ ची नक्षी तर कधीच स्वतःची पुनरावृत्ती न करणाऱ्या मांडणीच्या फार जवळ जाते. तशी मांडणी पश्चिमेत रॉजर पेनरोझ यांनी १९७० च्या दशकात दाखवली. यावरून लगेच ‘त्यांना पेनरोझच्या आधी सगळं ठाऊक होतं’ असे फॉरवर्ड फिरले. तेवढं सिद्ध झालेलं नाही. जाणकारांत त्यावर वाद आहेत. आपल्याकडच्या विमानांच्या फॉरवर्डांचीच भावंडं समजा.

अवांतर: या नक्षीला फारसीत गिरह म्हणतात. म्हणजे गाठ.


मुक्काम_दोहा | सोमवार, संध्याकाळी ६:३०

दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही म्हणून मी लिहितो. अकरा वर्षं इथे आहे. सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन समुद्राकाठच्या इस्लामी कलेच्या संग्रहालयात जाणं हा आमचा ठरलेला कार्यक्रम. आतला वातानुकूलक फुकट, हे खरं कारण. पण बघून बघून थोडं कळायला लागलं.

‘बंदी होती म्हणून नक्षी’ हे अर्धंच खरं आहे. जेरुसलेमचा कुब्बत अल-सखरा, म्हणजे खडकावरचा घुमट, ६९१-९२ चा. आजपर्यंत उभ्या असलेल्या मोठ्या इस्लामी इमारतींत पहिला. आत सोनेरी काचतुकड्यांत वेली आहेत, झाडं आहेत, आणि त्या झाडांना राजमुकुट आणि दागिने लटकलेत. माणूस नाही, जनावर नाही. पण लिहिलंय भरपूर, सुमारे दोनशे चाळीस मीटर लांबीची अक्षरांची पट्टी. बांधणारा उमय्यद घराण्यातला खलिफा अब्द अल-मलिक. पुढे अल-मामून या खलिफाने त्याचं नाव काढून आपलं घातलं, पण साल बदलायला विसरला! त्यामुळे चोरी बाराशे वर्षं भिंतीवर आहे.

दमास्कसच्या मोठ्या मशिदीत (७०६ ते ७१५) भिंतीवर नदी, वाडे, गर्द झाडी. पुन्हा माणूस नाही. आता त्याच घराण्याचं जॉर्डनच्या वाळवंटातलं कुसैर अमरा बघा. शिकारीचं ठिकाण आणि हमाम. तिथे भिंतीवर शिकार, राजे, नाचगाणं, आणि स्नान करणाऱ्या बायका, अंगावर फारसं काही नसलेल्या. घुमटात आकाशातली राशिचक्रं. तोच काळ, तेच लोक. फरक एवढाच की एक मशीद आणि एक मौजेची जागा.


शिळाप्रेमी | सोमवार, रात्री ८:१०

मुक्काम_दोहा, माहिती चांगली आहे पण गुळगुळीत करून सांगू नका. कुराणात चित्रांवर थेट बंदी नाही हे बरोबर. हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात) मात्र चित्रकाराला कयामतीच्या दिवशी ‘आता यात प्राण फुंक’ असं सांगितलं जाईल, हे स्पष्ट आहे. मूर्ती फोडल्या गेल्या, चित्रांतले चेहरे खरवडले गेले. हे आपल्याकडे दगडावर दिसतं, पुस्तक उघडायची गरज नाही. ‘एवढीशी नावड होती’ असं म्हणून चालणार नाही.


मुक्काम_दोहा | सोमवार, रात्री ८:४५

शिळाप्रेमी, मान्य. नावड होती, काही वेळा ती हातोडा घेऊन आली. पण माझा मुद्दा वेगळा आहे. बंदीने ‘काय काढू नका’ एवढंच ठरतं. ‘काय काढा’ हे तिच्यातून येत नाही. मनाई तर इतरांनाही होती, त्यांच्याकडे हे का नाही उगवलं?

समारा बघा. बगदाद सोडून खलिफांनी ८३६ ते ८९२ तिथे राजधानी केली. घाईघाईने मैलोन्मैल वाडे उठवले, मातीच्या विटांचे. त्या विटा झाकायला गिलावा. आधी द्राक्षवेल जशी दिसते तशी कोरली. मग वेल साधी होत गेली. तिसऱ्या पायरीला तिरक्या कापाचे साचे आले. साचा ओल्या गिलाव्यावर दाबायचा, काढायचा, पुढे दाबायचा. त्यात पान कुठलं आणि पार्श्वभूमी कुठली हे सांगताच येत नाही. दोन पानांमधली फटसुद्धा पानच. निसर्गाची नक्कल कुठे सुटली ते त्या भिंतींवर पायरीपायरीने दिसतं, आणि कारण आहे साच्याची सोय आणि कामाची घाई. त्या वेलीला पुढे इराणात इस्लिमी म्हणाले, युरोपवाल्यांनी अरबेस्क केलं.

आणि काशानच्या तेराव्या शतकातल्या चमकदार फरश्यांवर माणसं आहेत, ससे आहेत, उंट आहेत. इझनिकच्या तुर्की फरश्यांवर फुलांचा पूर आहे. तो टोमॅटोसारखा उठावाचा लाल रंग १५५० च्या दशकात आला, हात लावला तर उंच लागतो. एका साच्यात बसवता येईल असं हे प्रकरण नाही.


आजीची_रांगोळी | सोमवार, रात्री ९:०२

‘दोन पानांमधली फटसुद्धा पानच.’ हे वाक्य घेऊन झोपते आज.


बोरूचा_टाक | मंगळवार, सकाळी १०:३०

उशिरा आलो, पण अक्षरांवर कुणी बोललं नाही म्हणून राहवलं नाही.

माझे आजोबा कुलकर्णी. मोडी लिहायचे, बोरूने. बोरू छाटताना ते टोक सरळ नाही, तिरकं कापायचे आणि मधे एक बारीक चीर द्यायचे. कागदावर नुसता टेकवला तर उमटायचा तो गोल ठिपका नव्हे, शंकरपाळ्यासारखा चौकोन. अरबी लेखणीही अशीच वेताची, तिरकी छाटलेली. आणि त्या शंकरपाळ्यावर सगळं अरबी सुलेखन उभं आहे!

दहाव्या शतकात बगदादला इब्न मुक्ला होता. तीन वेळा वजीर झाला, तीन वेळा पडला, शेवटी उजवा हात तोडला आणि ९४० साली तुरुंगातच वारला. त्याने ठरवलं की प्रत्येक अक्षराचं माप लेखणीच्या या ठिपक्यांत मोजायचं. अलिफ म्हणजे उभा दांडा, अमुक ठिपके उंच. त्या उंचीच्या व्यासाचं वर्तुळ घ्यायचं आणि बाकीच्या अक्षरांचे बाक त्यात बसवायचे. लेखणी जाड घेतली की ठिपका मोठा आणि अक्षर मोठं, पण डौल तोच. म्हणून पोथीतलं बोटाएवढं अक्षर मिनारावर हातभर झालं तरी बेंगरूळ होत नाही.

बीदरला अष्टूरच्या वाटेवर खलिलुल्लाची चौखंडी, म्हणजे कबरीची इमारत, आहे, अष्टकोनी, वर छप्पर नाही. दारावर काळ्या दगडात सुलुस लिपीची पट्टी आहे. उभे दांडे शिपायांसारखे ओळीत आणि त्यांच्यामधून बाकीची अक्षरं लाटेसारखी वाहतायत. लिहिणाऱ्याने नाव सोडलंय: मुघीस अल-कारी, शिराझचा. दगड दख्खनचा, हात शिराझचा. ताजमहालावर अमानत खान शिराझीने आणखी शहाणपणा केला. दाराच्या चौकटीवर अक्षरं वर जाताना मोठी मोठी होत जातात, म्हणजे खालून बघणाऱ्याला सगळी सारखी दिसावीत.

मला अरबी वाचता येत नाही. बऱ्याच ठिकाणी वाचायची अपेक्षाही नसावी. स्पेनच्या अलहंब्रा राजवाड्यात भिंतीवर शेकडो वेळा एकच वाक्य आहे, ‘अल्लाहशिवाय विजयी कोणी नाही’. शेकडाव्या वेळी ते कोण वाचतं? आपल्याकडे वहीच्या कोपऱ्यात ‘श्री’ असतो, तोही आपण वाचत नाही.


गवंड्याचा_नातू | मंगळवार, दुपारी ३:४५

अलहंब्राचं नाव निघालं म्हणून. कामानिमित्त स्पेनला गेलो होतो तेव्हा बघितलं. ‘दोन बहिणींचं दालन’ म्हणतात, चौदाव्या शतकातलं. वर छताकडे बघा, मधमाश्यांचं पोळं उलटं टांगल्यासारखं दिसतं. याला मुकर्नस म्हणतात. पाच हजारांवर तुकडे, असं सांगतात. माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो आमच्या धंद्यातला: एवढा दगड वर चढवला कसा? दगड नव्हताच. जिप्समचा गिलावा. साच्यातून काढलेले मोजक्याच आकारांचे तुकडे, वेगवेगळ्या जोडणीने बसवलेले. समरकंदचा गणिती अल-काशी याने १४२७ मध्ये मुकर्नसचं क्षेत्रफळ कसं काढायचं ते लिहून ठेवलं. साहजिकच आहे, गिलावा किती लागेल आणि मजुरी किती द्यायची हे आधी ठरायला नको?

या सगळ्या प्रकारात मला जे आवडतं ते हे, की माल स्वस्त आहे. विटा, चुना, लाकूड, भाजलेली माती. मोरोक्कोत फरशी छिन्नी-हातोड्याने घडवतात, तुकडे तोंड खाली करून उलटे मांडतात, पाठीवर मसाला ओततात आणि मग अख्खा तक्ता उभा करतात. मांडताना कारागिराला रंग दिसत नाही. नुसती मातीची पाठ दिसते!

आपल्या औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याला लोक ‘गरिबाचा ताज’ म्हणून नाक मुरडतात. १६६०-६१ चं काम. संगमरवर खालच्या पट्ट्यापर्यंत आणि घुमटाला, मधे सगळा गिलावा. अहो, पण तो गिलावा जवळून बघा! वेलबुट्टी कोरलेली नाही, बसवलेली आहे, आणि कळीच्या टोकाला अजून धार आहे. माझे आजोबा चुन्याची घाणी चालवायचे. ते म्हणायचे, संगमरवर पैशाने येतो, असा गिलावा हाताने. पितळी पत्र्याच्या दारावर नावं आहेत, अताउल्ला आणि हंसपत राय. एक मुसलमान, एक हिंदू. गिलावा कोणी केला त्याचं नाव मात्र कुठेच नाही.


उदगीरकर | मंगळवार, रात्री ९:२०

बीदर आमचं शेजारचं गाव, दवाखान्याला आणि लग्नाच्या बस्त्याला आम्ही तिकडेच. तेव्हा माझेही दोन शब्द.

महमूद गावानचा मदरसा १४७२ चा. गावान इराणच्या गिलानचा, व्यापारी म्हणून आला आणि बहमनी सल्तनतीचा वजीर झाला. तीन मजली इमारत, चहूबाजूंनी खोल्या, पुस्तकांसाठी जागा, आणि दर्शनी बाजू पूर्ण रंगीत फरश्यांची. निळा, पांढरा, हिरवा, पिवळा. इराणमधून उचलून दख्खनच्या काळ्या-तांबड्या मुलखात ठेवल्यासारखी. १४८१ मध्ये खोट्या पत्रावरून गावानचा शिरच्छेद झाला. इमारतीचं नशीबही तसंच. सतराव्या शतकाच्या अखेरीस आत साठवलेली तोफांची दारू उडाली, एक मिनार आणि दर्शनी बाजूचा मोठा भाग गेला. उरलेल्या मिनारावर फरश्यांच्या नागमोडी पट्ट्या अजून आहेत. पावसाळ्यात जा. भिंत ओली झाली की उरलेला निळा पेटतो.

रंगीन महाल किल्ल्यात आहे, अली बरीदशहाच्या वेळचा, सोळाव्या शतकातला. तिथे काळ्याभोर दगडात शिंपल्याचे तुकडे जडवलेत. जागा छोटी आहे, कुलूप असतं, सांगून उघडून घ्यावं लागतं. दिव्याचा उजेड फिरवला की शिंपला गुलाबी होतो, मग हिरवा. ताजमहालाच्या रंगीत दगडांपेक्षा मला हे जास्त आवडतं. भांडायला या.

आणि बिदरी. जस्तात थोडं तांबं घालून भांडं ओततात. मग त्यावर मोरचुदाचं पाणी फिरवतात, ते तात्पुरतं काळं पडतं, म्हणजे कोरलेली रेष पांढरी उठून दिसते. कारागीर नक्षी हातानेच टाकतो, कागद ठेवत नाही. रेषेत चांदीची तार ठोकून बसवतात, कानसतात. आता सगळं भांडं एकाच रंगाचं, नक्षी दिसतच नाही. शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात उकळवून त्यात भांडं बुडवतात. जस्त कुळकुळीत काळं होतं, चांदी तशीच राहते. ती माती ऊन-पाऊस न लागलेल्या जुन्या जागेची हवी. कारागीर चिमूटभर जिभेवर ठेवून बघतो, चालेल की नाही ते. मी पण ठेवून बघितली एकदा. खारट, आणि नंतर तासभर तोंड कोरडं.


शिळाप्रेमी | मंगळवार, रात्री १०:००

रंगीन महालावर भांडण नाही, सहमत आहे. (लिहून ठेवा, मी कुणाशीतरी सहमत झालो.)

विजापूरच्या नक्षीत एक गोष्ट इराणात सापडणार नाही. कमानीच्या दोन्ही खांद्यांवर एक गोल फूल असतं आणि ते एका वळणदार हाताने, घोडीसारख्या टेकूने उचलून धरलेलं असतं. एकदा दिसलं की विजापुरात जिथे तिथे दिसतं. मेहतर महालाच्या सज्जाचे दगडी टेकू तर लाकूड कोरावं तसे कोरलेत, आणि ती छिन्नी देवळं घडवणाऱ्या हातांची आहे हे सांगायला तज्ज्ञ नको. ज्याची कबर बघून हा धागा निघाला तो इब्राहिम आपल्या गाण्यांत सरस्वती आणि गणपतीला आळवतो. अष्टूरला अहमदशहा बहमनीच्या कबरीत घुमटाच्या आत लाल-सोनेरी रंगात सूफी वचनं आहेत आणि बाहेर त्याची जत्रा लिंगायत भरवतात. मी फोडलेल्या मूर्तींबद्दल बोललो ते मागे घेत नाही. हेही त्याच मुलखात आहे, एवढंच.


बोरूचा_टाक | बुधवार, सकाळी ९:१५

आणि शब्द? नक्षी, महिरप, गिलावा, मिनार, कलम, कागद. आपण ज्या शब्दांत हे भांडतोय ते सगळे त्याच वाटेने आले. कागद तर दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात बनायचा.


कंपासपेटी | बुधवार, रात्री ११:५०

जमलं!

पहिल्यांदा ७२ चा कोन कोनमापकाने घेतला, तिसऱ्या दशकोनापर्यंत दोन मिलिमीटर सरकला. मग कोनमापक ठेवून दिला आणि वर्तुळात पंचकोन काढायची शाळेतली रीत वापरली, नुसता कंपास आणि पट्टी. खेटले. नऊ दशकोन, मधे चार डमरू. दर तिसरा मध्य जोडत गेलो आणि पहिली चांदणी खरंच पेन्सिल न उचलता पूर्ण झाली, तेव्हा एकटाच हसलो. बायको उठून आली. मग तीही बसली, डमरूतल्या रेषा तिने पुऱ्या केल्या. तिचं म्हणणं की माझ्यापेक्षा सरळ आल्या. आल्या आहेत.

खोडरबराने दशकोन पुसले तेव्हा काही क्षण वाईट वाटलं. इतकी मेहनत त्या दशकोनांची आणि दिसणार काहीच नाही. हँकिनचे ते ओरखडे कोणी मुद्दाम तर ठेवले नसतील?

एक अडलंय. कागदाच्या कडेला चांदणी अर्धी कापली जाते. मी आधी ती पूर्ण बसावी म्हणून सगळं लहान करत होतो. मग रौजाचे फोटो परत बघितले. तिथेही चौकटीला नक्षी मधेच कापली आहे, अर्ध्या फुलावर, आणि लगेच पट्टी सुरू. म्हणजे कापायची असतेच. वर्तुळवेडा, कुठे कापायची याचा काही नियम?

फोटो खाली चढवलाय.


वर्तुळवेडा | गुरुवार, सकाळी ६:५५

हार्दिक अभिनंदन, वहिनींचं जास्त.

नियम आहे. चौकटीचा कोपरा चांदणीच्या केंद्रावर ठेवायचा. चार कोपऱ्यांवर चार पाव चांदण्या, मधे एक पूर्ण. तुमच्या मापात ती चौकट ११.८ बाय १६.२ सेंटिमीटरची होईल. चौरस नाही, हे बघा. तोपकापीच्या गुंडाळीत तर बऱ्याच वेळा त्याचाही पावच भाग काढलेला आहे. बाकीचं आरशात बघावं तसं उलटत न्यायचं, भिंत संपेपर्यंत.


आजीची_रांगोळी | गुरुवार, सकाळी ७:३०

अकरा पूर्णांक आठ बाय सोळा पूर्णांक दोन म्हणजे माझ्या पाटाच्या मापाचंच झालं की थोडं वाढवून. रविवारी पाटावर काढते, ठिपके न देता, दोरी आणि खडूने. दशकोन गेरूने काढेन म्हणजे पुसायला नको.

आणि कंपासपेटी, फोटो दिसत नाहीये. परत चढवा.